मुहतसिब आणि अवकाशाचा बाजार

इस्लामी नगरांच्या इतिहासात मुहतसिब नावाचा एक अधिकारी वारंवार भेटतो. काजी न्यायासनावर बसतो आणि फिर्याद आली की निवाडा करतो. मुहतसिब बाजारात फिरतो. वजने खरी आहेत का, दुधात पाणी आहे का, एखादी भिंत रस्त्यावर कलली आहे का, हे तो तक्रारीची वाट न पाहता बघतो. या पदामागची परंपरा थेट मदीनेच्या बाजारापर्यंत नेली जाते. प्रेषित मुहंमद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले असल्याचे विक्रेत्याच्या नजरेस आणून दिले, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते.

बगदादचे न्यायपंडित अल्-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात या पदासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मावर्दी शाफई होते, त्यामुळे कोकणातील आपल्या समाजाला त्यांचे नाव परके नाही. मुहतसिबाच्या कामांची यादी करताना ते नौकामालकांचाही उल्लेख करतात. नौका बुडण्याची भीती वाटेल इतका माल तिच्यावर चढवू देऊ नये, आणि वारा जोराचा असेल तर तिला बंदर सोडू देऊ नये, असे ते सांगतात. मावर्दींनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मुहतसिबाला आपल्या कामाचे वेतन बैतुलमालमधून, म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून घेता येते. बाजार फुगला म्हणून त्याचे पोट भरत नाही आणि मंदावला म्हणून तो उपाशी राहत नाही.

ही व्यवस्था कायम निर्मळ राहिली असे नाही. मामलुक काळात कैरोमध्ये हे पद पैसे मोजून मिळू लागले. इतिहासकार अल्-मक्रीझी १३९९ साली स्वतः कैरोचे मुहतसिब झाले होते. पुढे इजिप्तमधील दुष्काळांवर लिहिताना त्यांनी लाच देऊन पदे मिळवण्याच्या प्रथेला दुष्काळाच्या कारणांत धरले. वजने तपासणाऱ्याचे हित वजने वापरणाऱ्याच्या हितात मिसळले की काय होते, हे त्यांनी आतून पाहिले होते.

आधुनिक विज्ञानातील प्रत्येक गोष्ट आपल्या ग्रंथांत आधीच होती, असे म्हणण्याची एक खोड आपल्याकडे आहे. तसले काही येथे म्हणायचे नाही. मावर्दींना अग्निबाण ठाऊक नव्हते. पण जोखमीच्या व्यापाराला राज्याने कसे वागवावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न गेल्या साठ वर्षांत अवकाशाच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला आहे. उपग्रह, अग्निबाण, अवकाश पर्यटन यांचा आता एक बाजार झाला आहे. या बाजाराला उत्तेजन देणारे सरकार आणि त्याच्यावर नजर ठेवणारे सरकार एकच असावे काय? या प्रश्नाचा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेत घडला. २०२० नंतर तो आपल्याही दारात आला आहे.

टेलस्टार आणि अडून बसलेले सिनेटर

१० जुलै १९६२ रोजी टेलस्टार नावाचा उपग्रह आकाशात गेला. तो एटी अँड टी या खासगी टेलिफोन कंपनीने बांधला होता. अग्निबाण सरकारी होता. नासाने तो उडवला आणि कंपनीने खर्चाचे पैसे भरले. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील लोकांनी एकमेकांची दूरचित्रवाणी पाहिली. त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये एक साधा प्रश्न उपस्थित झाला. अग्निबाणांचे संशोधन जनतेच्या करातून झाले, मग त्यातून होणारा नफा एका कंपनीच्या तिजोरीत का जावा?

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सरकारने मधला मार्ग काढला. उपग्रह दळणवळणासाठी कॉमसॅट नावाची एक कंपनी स्थापण्याचे विधेयक आले. तिचे निम्मे भाग टेलिफोन व तार कंपन्यांना आणि निम्मे सामान्य जनतेला मिळणार होते. पंधरा संचालकांपैकी तीन राष्ट्राध्यक्षांनी नेमायचे होते. सिनेटर केफॉवर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना हे मान्य नव्हते. जनतेची मालमत्ता मक्तेदारांना दान दिली जात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी दिवसेंदिवस भाषणे करून सिनेटचे काम रोखून धरले. अखेर १४ ऑगस्ट १९६२ रोजी मतदान घेऊन चर्चा थांबवावी लागली. सिनेटमध्ये अशा रीतीने चर्चा तोडण्याचा प्रसंग १९२७ नंतर प्रथमच आला होता. ३१ ऑगस्टला कायद्यावर स्वाक्षरी झाली.

केफॉवर हरले, पण त्यांचा प्रश्न हरला नाही. कॉमसॅट ही ना धड सरकारी ना धड खासगी अशी संस्था होती. तिच्या संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी होते, तिच्यावर देखरेखही सरकारच करणार होते आणि तिला यशस्वी करणे हे सरकारचे धोरणही होते. एकाच अंगरख्याला तीन बाह्या शिवण्याचा हा पहिला प्रयोग होता.

करारातील सहावे कलम

याच सुमारास संयुक्त राष्ट्रसंघात दुसरा वाद चालू होता. अवकाशातील सर्व व्यवहार फक्त राज्यांनीच करावेत, अशी सोव्हिएत संघाची मागणी होती. खासगी कंपन्यांना दार बंद करण्यास अमेरिका तयार नव्हती. १९६३ च्या ठरावात आणि पुढे १९६७ च्या बाह्य अवकाश करारात तडजोड झाली. कंपन्यांना अवकाशात जाता येईल. मात्र त्यांच्या प्रत्येक कृतीची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्यांच्या राज्यावर राहील, आणि त्या राज्याने त्यांना परवानगी देऊन त्यांच्यावर सतत देखरेख ठेवली पाहिजे. हे या कराराचे सहावे कलम.

१९७२ च्या दायित्व करारानेही हीच दिशा धरली. अवकाशातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान झाले, तर चूक कोणाची हे न विचारता प्रक्षेपण करणाऱ्या राज्याने भरपाई द्यायची. २४ जानेवारी १९७८ रोजी अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशात कोसळला. किरणोत्सारी तुकडे शोधण्यासाठी कॅनडाला मोठी मोहीम काढावी लागली. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने तीस लाख कॅनेडियन डॉलर दिले.

या दोन करारांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. नफा कंपनीचा, पण दायित्व राज्याचे, म्हणजे अखेरीस करदात्याचे. म्हणूनच अवकाशातील व्यापारावर देखरेख ठेवणे ही सरकारची मर्जी नसून त्याचे आंतरराष्ट्रीय कर्तव्य आहे. भारताने १९८२ साली अवकाश करारास मान्यता दिली, तेव्हा हे कर्तव्य आपणही स्वीकारले.

सरकारच दुकानदार

१९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एक विचित्र परिस्थिती होती. उपग्रह पाठवण्याचा धंदा सरकारच करत होते. नासाचे स्पेस शटल कंपन्यांचे व परदेशांचे उपग्रह घेऊन जाई आणि त्याचे भाडे प्रत्यक्ष खर्चापेक्षा बरेच कमी असे. सर्व उपग्रह शटलमधूनच पाठवायचे असे धोरण असल्याने डेल्टा, ॲटलास यांसारखे जुने अग्निबाण हळूहळू बंद करण्याची तयारी चालू होती. युरोपने मात्र १९८० सालीच एरियानस्पेस ही कंपनी काढून ग्राहक मिळवायला सुरुवात केली होती.

शटलच्या ग्राहकांत मुस्लिम देशही होते. १७ जून १९८५ रोजी निघालेल्या डिस्कव्हरी शटलमध्ये अरब राष्ट्रांच्या संघटनेचा अरबसॅट १-बी हा उपग्रह होता. मेक्सिकोचा आणि एटी अँड टीचा असे आणखी दोन उपग्रहही होते. त्याच यानात सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान होते. ते अवकाशात जाणारे पहिले अरब व पहिले मुस्लिम. रमजानचे शेवटचे दिवस चालू होते, त्यामुळे त्या वेळी मुस्लिम जगातील वृत्तपत्रांनी रोजा, नमाज आणि किब्ला यांची खूप चर्चा केली. शटलच्या पोटात तीन गिऱ्हाइकांचा माल होता आणि सरकार स्वस्त भाड्याने हमाली करत होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

सरकार एवढ्या स्वस्तात माल वाहत असेल, तर खासगी अग्निबाण कोण बांधणार? तरीही टेक्सासमधील एका छोट्या कंपनीने तो प्रयत्न केला. स्पेस सर्व्हिसेस असे तिचे नाव. मर्क्युरी मोहिमेसाठी निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक, डिक स्लेटन, तिच्या मोहिमेचे प्रमुख होते. सरकारकडून मिनटमन क्षेपणास्त्राचे एक जुने इंजिन विकत घेऊन त्यांनी कोनेस्टोगा नावाचा अग्निबाण तयार केला. ९ सप्टेंबर १९८२ रोजी मॅटागोर्डा बेटावरून तो उडाला, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर गेला आणि साधारण दहा मिनिटांनी मेक्सिकोच्या आखातात पडला. खासगी पैशातून अवकाशात पोहोचलेला हा पहिला अग्निबाण.

उड्डाणापेक्षा परवानग्या मिळवणे अवघड ठरले होते. अशा उड्डाणाला परवाना देणारे खातेच अस्तित्वात नव्हते. विमानांचे खाते, दळणवळणाचे खाते, सैन्य, तटरक्षक, असे उंबरठे झिजवावे लागले. सर्वांत गंमत म्हणजे अग्निबाण अमेरिकेच्या हद्दीबाहेर समुद्रात पडणार, म्हणून तो शस्त्रास्त्रांची निर्यात ठरला आणि परराष्ट्र खात्याचा निर्यात परवाना काढावा लागला. आखाताच्या तळाशी बसलेले गिऱ्हाईक कोण, हे कोणी विचारले नाही.

हा प्रसंग विसरून चालणार नाही. देखरेखीची बाजू घेताना आपण बरेचदा हे विसरतो की, अनेक खात्यांच्या अडवणुकीलाही देखरेख म्हणत नाहीत. मुहतसिबाला बाजार माहीत असावा लागतो. ज्याने कधी तराजू हातात धरला नाही, तो प्रत्येक तराजूवर संशय घेतो किंवा प्रत्येक तराजूला सलाम करतो.

१९८४ चा कायदा

राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये आदेश काढून हे काम एका खात्याकडे सोपवले. व्यापार खाते आणि वाहतूक खाते, दोघांनीही ते मागितले होते. अखेर वाहतूक खात्याची निवड झाली. त्या वेळी एलिझाबेथ डोल या खात्याच्या मंत्री होत्या. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी व्यापारी अवकाश प्रक्षेपण कायदा झाला. त्याने परवाने देणारे एक छोटे कार्यालय उभे राहिले. कायद्याने या कार्यालयाला दोन कामे दिली. जनतेचे प्राण, मालमत्ता व राष्ट्राचे हित जपण्यासाठी प्रक्षेपणांवर नियंत्रण ठेवणे हे पहिले. खासगी प्रक्षेपणांना उत्तेजन देणे, त्यांची सोय पाहणे व त्यांचा प्रसार करणे हे दुसरे.

पहिली काही वर्षे या कार्यालयाला फारसे काम नव्हते, कारण स्वस्त शटल समोर होते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटलचा आकाशात स्फोट झाला आणि सातही अंतराळवीर मरण पावले. ऑगस्टमध्ये रेगन यांनी नासाला व्यापारी उपग्रहांच्या धंद्यातून बाहेर काढले. सरकारने दुकान बंद केले, तेव्हा कुठे बाजार सुरू झाला. २७ ऑगस्ट १९८९ रोजी परवाना घेतलेल्या डेल्टा अग्निबाणाने एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीचा उपग्रह कक्षेत नेला.

या बदलाची साक्ष देणारा एक उपग्रह इंडोनेशियाचा आहे. विखुरलेल्या हजारो बेटांना जोडण्यासाठी इंडोनेशियाने १९७६ मध्येच पालापा ही उपग्रह मालिका सुरू केली होती. विकसनशील देशांपैकी ज्यांनी प्रथम स्वतःची उपग्रह यंत्रणा उभारली, त्यांत तो अग्रभागी होता. फेब्रुवारी १९८४ मध्ये पालापा बी-२ शटलमधून सोडला गेला, पण मोटर नीट न चालल्याने भलत्याच कक्षेत अडकला. विमा कंपन्यांनी नुकसान भरून दिले आणि उपग्रह त्यांच्या मालकीचा झाला. नोव्हेंबर १९८४ मध्ये अंतराळवीरांनी तो पकडून परत आणला. डागडुजी होऊन एप्रिल १९९० मध्ये तोच उपग्रह पुन्हा इंडोनेशियासाठी वर गेला. या वेळी तो एका कंपनीच्या डेल्टा अग्निबाणावर, वाहतूक खात्याच्या परवान्याने गेला. पहिल्या खेपेस सरकार वाहक होते, दुसऱ्या खेपेस ते परवाना देणारे होते. सहा वर्षांत राज्याची भूमिका एवढी बदलली.

यात एक उपकलम मात्र चुपचाप शिरले होते. १९८८ च्या दुरुस्तीने असे ठरले की, अपघातात तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर कंपनीने जास्तीत जास्त ५० कोटी डॉलरपर्यंतचा विमा काढायचा. त्यापुढचे दीड अब्ज डॉलरपर्यंतचे दायित्व संसदेच्या मंजुरीने सरकार उचलेल. ही सवलत पाच वर्षांसाठी होती. नंतर तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. परवाना देणाराच जामीनदारही झाला. जामीनदाराला कर्जदाराचे दोष दिसतात, पण ते मोठ्याने सांगणे त्याला परवडत नाही.

एका छपराखाली दोन न्याय

नोव्हेंबर १९९५ मध्ये हे कार्यालय विमान वाहतुकीचे नियंत्रण करणाऱ्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे एफएएमध्ये हलवण्यात आले. एफएएच्या कायद्यातही तीच दुहेरी भूमिका होती. विमान प्रवास सुरक्षित ठेवायचा आणि त्याची भरभराटही करायची. सहा महिन्यांतच तिची परीक्षा झाली.

११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट या स्वस्त विमान कंपनीचे एक विमान मायामीहून निघाले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. ११० माणसे दगावली. मालाच्या कप्प्यात चुकीच्या रीतीने ठेवलेल्या ऑक्सिजन तयार करणाऱ्या उपकरणांमुळे आग लागली होती. ही नवी कंपनी झपाट्याने वाढत होती. स्वस्त प्रवासाचे उदाहरण म्हणून तिचे कौतुकही होत होते. अपघातानंतर लगेच वाहतूकमंत्री पेन्या यांनी कंपनी सुरक्षित असल्याची ग्वाही दिली. मग उघड झाले की, त्याच वर्षी फेब्रुवारीत एफएएच्याच आतील एका टिपणाने या कंपनीच्या कारभाराविषयी गंभीर इशारा दिला होता. तो वेळीच ऐकला गेला नव्हता.

अपघातानंतर पेन्या यांनीच संसदेला एफएएचे कर्तव्य एकच असावे, असे सांगितले. ऑक्टोबर १९९६ मध्ये कायदा बदलला आणि विमान वाहतुकीला उत्तेजन देण्याचे काम एफएएकडून काढून घेण्यात आले. त्यासाठी ११० जनाजे उठावे लागले.

अवकाश कार्यालयाचा कायदा मात्र वेगळा होता. त्यातील उत्तेजनाचे कलम तसेच राहिले. अशा रीतीने एकाच इमारतीत दोन न्याय नांदू लागले. विमान तपासणाऱ्याने विमान कंपनीच्या भल्याची चिंता करायची नाही. अग्निबाण तपासणाऱ्याने मात्र करायची.

२००४ साली प्रश्न अधिक नाजूक झाला, कारण आता मालाऐवजी माणसे जाणार होती. एका खासगी यानाने दोन आठवड्यांत दोनदा अवकाशात जाऊन यावे, यासाठी एक कोटी डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते. इराणमध्ये जन्मलेल्या आणि तरुणपणी अमेरिकेत आलेल्या अनुशेह अन्सारी व त्यांच्या कुटुंबाने त्यासाठी मोठी देणगी दिली, म्हणून ते अन्सारी एक्स प्राइझ म्हणून ओळखले जाते. ४ ऑक्टोबर २००४ रोजी स्पेसशिपवन या यानाने ते जिंकले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २००६ मध्ये, अनुशेह स्वतः रशियाच्या सोयुझ यानाने अंतराळ स्थानकावर जाऊन आल्या. अवकाशात गेलेली पहिली मुस्लिम स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रशियन सरकारी यंत्रणेने जागा विकली आणि त्यांनी ती घेतली, हेही या बाजाराचेच एक रूप.

स्पेसशिपवनच्या यशानंतर डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन संसदेने नवा कायदा केला. जमिनीवरील लोकांच्या सुरक्षिततेसाठी नियम राहतील, पण यानात बसणाऱ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेचे नियम आठ वर्षे करायचे नाहीत. प्रवाशाला धोके समजावून द्यायचे आणि त्याची लेखी संमती घ्यायची. उद्योग लहान आहे, त्याला शिकू द्या, असा युक्तिवाद होता. खासदार जेम्स ओबरस्टार यांनी विरोध केला. माणसे मेल्यावरच नियम करायचे, ही वृत्ती विमान वाहतुकीत आपण भोगली आहे, ती येथे का आणता, असा त्यांचा सवाल होता. तो मान्य झाला नाही. आठ वर्षांची मुदत पुढे २०१५, मग २०२३ आणि त्यानंतर २०२८ च्या आरंभापर्यंत लांबत गेली. शिकण्याचा काळ वीस वर्षांहून मोठा झाला, तर त्याला शिकणे म्हणायचे की सवय?

३१ ऑक्टोबर २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावे वाळवंटावर स्पेसशिपटू हे यान चाचणीच्या उड्डाणात आकाशातच तुटले. सहवैमानिकाने शेपटीची वेगरोधक यंत्रणा वेळेआधी मोकळी केली होती. तो मरण पावला. वैमानिक गंभीर जखमी होऊन वाचला. अपघातांचा तपास करणाऱ्या मंडळाने जुलै २०१५ मध्ये निष्कर्ष दिला. मानवी चुकीची शक्यता पुरेशी विचारात न घेता यानाची रचना झाली होती. परवाना देणाऱ्या कार्यालयावरही मंडळाने बोट ठेवले. कंपनीने केलेले धोक्यांचे विश्लेषण मानवी चुकीच्या संदर्भात नियमात बसत नव्हते, हे कार्यालयाला कळले होते. तेव्हा त्याने कंपनीने न मागताच नियमातून सूट दिली. तंत्रज्ञांनी विचारलेले काही प्रश्न वरिष्ठांनी कंपनीवर भार नको म्हणून गाळले.

हे तपास मंडळ, हे येथे विशेष आहे. परवाना देण्याशी किंवा उद्योग वाढवण्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून ते सरळ बोलू शकले. लाच नव्हती, कटही नव्हता. प्रामाणिक माणसांवर वेळेत परवाना देण्याचा दबाव होता आणि उद्योगाला मदत करणे हे त्यांचे कायदेशीर कर्तव्यच होते. त्यांनी ते केले.

नंतरच्या वर्षांत कंपन्या फार मोठ्या झाल्या. १६ जानेवारी २०२५ रोजी स्पेसएक्सच्या स्टारशिपचे तुकडे कॅरिबियन समुद्रातील टर्क्स अँड कायकोस बेटांच्या परिसरात पडले आणि प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. त्याच वर्षी १३ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी परवान्यांची प्रक्रिया जलद करण्याचा व पर्यावरणाच्या अटी सैल करण्याचा आदेश काढला. नौका मोठी झाली, वाराही जोराचा. आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला सांगितले गेले की, लवकर सोडा.

आपल्या दारात

भारतात अवकाश हे दीर्घकाळ फक्त सरकारचे क्षेत्र होते. खासगी उद्योग सुटे भाग देत. त्यात महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजने इस्रोसाठी विकास इंजिने बांधली, तर पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरने अग्निबाणांच्या मोटरींची कवचे दिली. विक्रीसाठी सरकारने १९९२ मध्ये अँट्रिक्स ही कंपनी काढली. मे १९९९ मध्ये पीएसएलव्हीने कोरिया व जर्मनीचे छोटे उपग्रह पैसे घेऊन नेले.

अनेक वर्षे इस्रोचे अध्यक्ष हेच अंतराळ खात्याचे सचिव, अवकाश आयोगाचे अध्यक्ष आणि अँट्रिक्सचेही अध्यक्ष असत. धोरण ठरवणारा, बांधणारा, विकणारा आणि तपासणारा, सारे एकाच खुर्चीत. जानेवारी २००५ मध्ये अँट्रिक्सने देवास या कंपनीशी दोन उपग्रहांवरील बहुतेक क्षमता भाड्याने देण्याचा करार केला. तो पुढे वादग्रस्त ठरला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने रद्द केला. मग परदेशी लवादांत भारताविरुद्ध मोठ्या रकमांचे निवाडे झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवास कंपनी फसवणुकीच्या कारणावरून गुंडाळण्याचा निर्णय कायम ठेवला. दोष कोणाचा किती, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. करार होत असताना त्याला बाहेरून हात लावून पाहणारा कोणी नव्हता. राशीतले ओले धान्य सहा वर्षांनी बाहेर आले.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना अवकाश खुले केले आणि इन-स्पेस ही संस्था स्थापण्याचे ठरवले. जून २०२२ मध्ये अहमदाबादजवळ बोपळ येथे तिच्या मुख्यालयाचे उद्घाटन झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट या कंपनीचा विक्रम-एस हा अग्निबाण श्रीहरिकोटाहून उडाला. हे पाऊल आवश्यक होते यात शंका नाही. खेळाडूच पंच असण्याची जुनी व्यवस्था त्याने मोडली. इस्रो आता आपल्याच प्रतिस्पर्ध्यांना परवाने देत नाही.

पण या संस्थेच्या पूर्ण नावाकडे पाहावे: भारतीय राष्ट्रीय अवकाश उत्तेजन व प्राधिकरण केंद्र. उत्तेजन आणि परवानगी, दोन्ही शब्द नावातच बसले आहेत, आणि संस्था अंतराळ खात्याच्या छायेत आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये एका कायद्याच्या दोन कलमांत जे होते, ते आपल्याकडे दारावरच्या पाटीवर आले. अवकाश व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा २०१७ साली लोकांपुढे ठेवला गेला होता. २०२३ मध्ये अवकाश धोरण आले, तेव्हाही तो कायदा झालेला नव्हता. धोरण सरकार बदलले की बदलू शकते. कायद्यावर संसदेत चर्चा होते, न्यायालयात दाद मागता येते. अपघातात ज्याच्या घरावर तुकडा पडेल, त्या माणसाला धोरण दाखवून भरपाई मिळत नाही.

नव्या उद्योगाला आरंभी आधार लागतो, त्यातील तज्ज्ञ मोजकेच असतात, दोन कार्यालयांत ते विभागणे परवडत नाही, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. कोनेस्टोगाला निर्यात परवाना काढायला लावणारी व्यवस्था कोणालाच नको. एक खिडकी जरूर असावी. पण खिडकीमागे बसलेल्या माणसाने अर्जदाराच्या यशावर स्वतःची बढती मोजू नये. आणि अपघात झाला, तर त्याचा तपास त्या खिडकीच्या हाती नसावा. एवढी साधी सोय १९९६ नंतरच्या अमेरिकेने विमानांसाठी केली. अग्निबाणांसाठी ती पुढे ढकलत राहिली, त्याची किंमत मोहावेच्या वाळवंटात दिसली.

या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या समाजातील मुले-मुली आता अभियांत्रिकी शिकत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी अशा कंपनीत आरेखन करील, कोणी कदाचित परवान्याच्या टेबलामागे बसेल. अग्निबाणाचे अवशेष समुद्रात पडतात तेव्हा त्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या होड्याही असतात. जे यानात बसतात त्यांची निदान लेखी संमती घेतली जाते. खाली उभ्या असलेल्यांची संमती कोणी घेत नाही. त्यांच्या वतीने बोलण्यासाठीच तर तो अधिकारी असतो.

मावर्दींनी नौका बंदरात थांबवण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याने नौकेचा माल विकायचा नव्हता, नौका बांधायलाही मदत करायची नव्हती. वारा कसा आहे एवढेच त्याने पाहायचे होते, आणि त्या पाहण्याचे वेतन त्याला सर्वांच्या खजिन्यातून मिळायचे होते. मक्रीझींच्या कैरोत हे नाते उलटले, तेव्हा पद राहिले, बाजारही राहिला. फक्त वारा पाहणारा उरला नाही.